ताटात जेवणाऱ्या उंदिरवाडे बाई

शाळेचं वर्ष सुरू झालं की उंदिरवाडे बाई पाचवीच्या वर्गात जायच्या, फळ्यावर मोठ्या अक्षरांत स्वतःचं आडनाव लिहायच्या आणि मुलींकडे वळायच्या.

“हे माझं आडनाव. वाचलं? आता माझ्याकडे पहा, अन् हसून घ्या. दोन मिनिटं देते. त्याच्यानंतर जी हसन ती वर्गाच्या बाहेर.”

मुली आधी घाबरून गप्प बसत. मग मागच्या बाकावरची एखादी फुसकन हसे, आणि बांध फुटल्यासारखा सगळा वर्ग हसत सुटे. बाई खडू हातात धरून शांत उभ्या. वेळ संपली की डस्टर टेबलावर आपटून धडा सुरू. मी शेजारच्या वर्गावर गणित शिकवायची. दरवर्षी भिंतीपलीकडून ते हसू ऐकू आलं की माझ्याही वर्गातल्या मुली हसायला लागत. त्या सगळ्या त्यातून गेलेल्या असत.

यशोधरा उंदिरवाडे. कुरखेड्याच्या मुलींच्या शाळेत इतिहास आणि भूगोल. उंची बेताची, अंग मात्र असं की शाळेतल्या हात असलेल्या एकाही खुर्चीत त्या मावत नसत. त्यांचे यजमान दयारामभाऊ जंगलखात्याच्या लाकूड डेपोत कारकून होते. त्यांनी सुताराकडून सागवानाचा एक रुंद स्टूल करून घेतला होता, तो शिक्षकांच्या खोलीत असे. त्यावर दुसरं कोणी बसलं की बाई म्हणत, “बस, बस. दोघं बसा हवं तर.” दयारामभाऊ स्वतः काडीसारखे. दोघं बाजाराला निघाले की पानठेल्यावरची पोरं काहीबाही बोलत. बाई थांबून त्यांच्याकडे बघत आणि नवऱ्याकडे बोट करून मोठ्यानं म्हणत, “काय म्हटलं? पुन्हा म्हण, यायले ऐकू नाई आलं.” पुन्हा म्हणायची हिंमत मी कुणात पाहिली नाही.

मी एकदा विचारलं होतं, “बाई, तुम्हाला काहीच कसं लागत नाही?”

“लागते ना. काऊन नाई लागणार? पण लाजाचं काम आमच्या घरी छप्पन साली बंद झालं. बापानं दीक्षा घेतली, घरी आला, अन् आम्हा भावंडांले रांगेत उभं केलं. म्हणे, आजपासून खाली पाहून चालाचं नाई. मी तेव्हा लहान होती. मले वाटलं, ठेच लागली तर? पण बापानं सांगितलं म्हणजे सांगितलं.”

बाईंचं वजन किती, यावर गावात पैजा लागत. सरकारी दवाखान्यातला काटा त्यांच्या वजनाला पुरत नव्हता. गुडघे दुखायला लागले, लघवीत साखर निघाली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, नक्की वजन कळल्याशिवाय औषधाचं ठरवता येत नाही. बाई तिथून उठल्या आणि भर बाजाराच्या दिवशी राईस मिलवर गेल्या. धान तोलायचा मोठा काटा होता, त्यावर चढून मांडी घालून बसल्या. मी सोबत होते आणि कुठं तोंड लपवू असं मला झालं होतं. तोलणारा हमाल वजनं लावत गेला, मान खाली घालून काहीतरी पुटपुटला.

“मोठ्यानं सांग,” बाई म्हणाल्या. “धानाचं सांगतोस तसं.”

“सव्वा क्विंटल, बाई. अन् वरतून थोडं.”

“ऐकलं का सगळ्यायनं?” त्यांनी बाजाराकडे तोंड करून विचारलं. “सव्वा क्विंटल. आता पैजा लावू नका.”

त्या वर्षीच्या उन्हाळ्यानंतर शाळेचे वरचे वर्ग नव्या माडीवर गेले. जिना अरुंद. बाई मधल्या पायरीवर थांबून श्वास घेत, आणि मुली मागे तुंबून राहत. एक दिवस हेडमास्तरांनी त्यांना बोलावून गोड शब्दांत सुचवलं की त्यांनी खालीच बसून ग्रंथालय सांभाळावं, शिकवण्याची दगदग आता कशाला. शिवाय मुलींसमोर शिक्षिकेचं एक उदाहरण असतं, वगैरे. बाई बाहेर आल्या तेव्हा पहिल्यांदाच मी त्यांचा चेहरा उतरलेला पाहिला. गुडघे, साखर, पोरांची टवाळी, सगळं त्या पचवत होत्या. वर्ग सुटणं त्यांना पचणारं नव्हतं.

त्यांचा धाकटा भाऊ सिद्धार्थ मुंबईत इंजिनियर होता. त्यानं तिथं एक सर्जन शोधला. परदेशात शिकून आलेला हा सर्जन वजन कमी करण्याची ऑपरेशनं करत असे. तोवर आमच्याकडे कुणी असलं काही ऐकलंही नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत बाई मुंबईला जाऊन सगळं समजून घेऊन आल्या. त्या संध्याकाळी मी त्यांच्या पडवीत बसले होते. दयारामभाऊ कंदिलाची काच पुसत होते. बाईंनी खडू घेतला आणि पडवीच्या फरशीवर आकृती काढायला सुरुवात केली, वर्गात नद्या काढायच्या तशीच.

“तीन रस्ते हायत,” त्या म्हणाल्या. “पहिला, दात. वरचे अन् खालचे दात तारेनं बांधून टाकतात. नळीनं दूध प्या, वरणाचं पाणी प्या. पण मी शिकवू कशी? तो रस्ता खोडला.”

दयारामभाऊ हळूच म्हणाले, “मले चालला असता.”

“तुम्हाले चालला असता, म्हणूनच खोडला.” बाईंनी पोटाची पिशवी काढली. “दुसरा. पोटाले पिना मारतात, आपण पेपराले मारतो तशा. वरती एवढीशी जागा ठेवतात. वाटीभर खाल्लं की पोट भरलं. जास्त खाल्लं तर उलटी. डॉक्टर म्हणे, हे नवीन हाय अन् माझ्या मतानं बरं हाय. तिसरा, आतडं. पोटाले हात नाई लावत. आतडं तोडून वरचं टोक खूप खाली नेऊन जोडतात. मधातलं आतडं नुसतं पडून राह्यते. तुम्ही काहीही खा, अंगी लागत नाई.”

“अंगी लागत नाई, तर मंग ते जाते कुठी?” दयारामभाऊंनी विचारलं.

बाईंनी खडूनं आकृतीच्या खाली एक बाण काढला. “जाते आपलं. जिकडे जाते तिकडे.”

आम्ही तिघंही हसलो. नंतर मला त्या हसण्याची फार आठवण यायची.

“डॉक्टर पोटाचं बरं म्हणतात ना?” मी म्हटलं. “मग तेच करा.”

“डॉक्टरनं हेही सांगितलं की आतड्याच्या ऑपरेशननं त्रास होते, बाहेरदेशी आता कमी करून राह्यले. लपवलं नाई त्यानं काही. पण तू वाटी पाह्यलीस का कधी?” बाईंचा आवाज एकदम खाली आला. “माझी माय लोकायच्या वावरात निंदाले जाये. दुपारी मालकीण यायची, अन् वरतून वाटीभर टाकायची. हातावर, पदरात. पुन्हा मागायचं नाई. मायनं सारा जन्म वाटीवर काढला अन् आम्हाले ताटात वाढलं. मी नोकरीले लागली त्या दिवशी पितळेचं मोठं ताट आणलं, मायले त्याच्यात जेवू घातलं. आता मी पैसे भरून, पोट फाडून, पुन्हा वाटीवर येऊ? नाई. आतडं तोडू दे, मोजून खाणार नाई मी.”

दयारामभाऊंनी कंदील लावला. ते एवढंच म्हणाले, “मले तू अशीच चालते. हे तुले माहीत हाय.”

“माहीत हाय. तुमच्यासाठी नाई करून राह्यली. जिन्यासाठी करून राह्यली.”

संक्रांतीच्या सुमारास ऑपरेशन झालं. उन्हाळी सुट्टीनंतर बाई शाळेत आल्या, तेव्हा शिपायानं त्यांना ओळखलं नाही. पुढची दिवाळी येईतो त्या निम्म्यावर आल्या होत्या. पोलक्यांच्या बाह्या लोंबत, गळ्याखालची कातडी सैल पडलेली, पण जिना त्या एका दमात चढत. वर पोचल्यावर कठड्यावरून खाली हेडमास्तरांच्या खोलीकडे बघून मोठ्यानं खाकरत. पाचवीच्या वर्गावर मात्र जूनमध्येच अडचण झाली होती. आडनाव लिहून त्या “हसा” म्हणाल्या, आणि मुलींना कळेना हसायचं कशाला. बाई तो वर्ग आटोपून आल्या तेव्हा जरा हिरमुसल्या होत्या.

त्याच थंडीत आम्ही मुलींची सहल घेऊन सूरजागडच्या डोंगरावर गेलो. लोखंडाच्या दगडांनी तांबडी झालेली वाट, दोन्ही बाजूंनी दाट जंगल. बाई सगळ्यांच्या पुढे. वाटेत त्यांना कितीदा झुडपांआड जावं लागलं ते मी पाहत होते. प्रत्येक वेळी त्या परत येत, पदर खोचत आणि पुन्हा पुढे होत. वर पोचल्यावर एका खडकावर उभ्या राहून त्यांनी मुलींना दाखवलं, कुठली टेकडी कुठली, नदी कुठून वाहते. आयुष्यभर नकाशावर शिकवलेलं त्या पहिल्यांदा डोळ्यांनी पाहत होत्या. उतरताना माझा हात धरून म्हणाल्या, “हे कोणी मले परत मागितलं ना, तर मी देणार नाई.”

आता ते ‘जिकडे जाते तिकडे’चं सांगायला हवं. जेवण झालं की अर्ध्या तासात बाईंना जावं लागे. आणि पुन्हा. आणि पुन्हा. शाळेत संडास नव्हता. पुरुष शिक्षक नाल्याकडे जात, आम्ही बायका आणि मोठ्या मुली दिवसभर कळ काढत असू, किंवा घर जवळ असलं तर घरी पळत असू. हे असंच असतं, असं आम्ही धरून चाललो होतो. बाईंनी ते धरलं नाही. संस्थेच्या सभेला बाहेरगावचे सदस्य आले होते. त्यांच्यासमोर बाई उठल्या आणि आवाज जराही खाली न आणता म्हणाल्या, “मले दिवसातून दहा-पंधरा वेळा संडासले जावं लागते. माझं आतडं कापलेलं हाय. पण ज्यायचं कापलेलं नाई, त्या साडेतीनशे पोरींले एकदा तरी जावं लागत असन की नाई? त्या कुठी जातात, हे तुम्ही कधी इचारलं?”

एका सदस्यानं चहाचा कप खाली ठेवला. हेडमास्तर छताकडे बघू लागले. कुणीतरी म्हणालं, “बाई, हा विषय सभेतला नाही.”

“मंग कुठचा हाय? सांगा, मी तिथी जाऊन बोलते.”

पुढच्या पावसाळ्याआधी शाळेच्या मागे पक्के संडास बांधून झाले. उद्‌घाटन कुणी करायचं, यावर सगळे लाजून गप्प होते. बाई पाण्याचा डबा घेऊन सरळ आत गेल्या.

हे मी हसत सांगते आहे, पण तोवर बाई खचायला लागल्या होत्या. हाताची बोटं मध्येच आखडून यायची, खडू गळून पडायचा. सांधे सुजायचे. मूतखड्याच्या कळा यायच्या, तेव्हा त्या पडवीत गुडघे पोटाशी घेऊन पडून राहत आणि दयारामभाऊ गरम पाण्याची पिशवी धरून बसत. गावात लोक मला थांबवून विचारत, “पस्तावून राह्यली का बाई?” त्यांच्या चेहऱ्यावर काळजीपेक्षा उत्सुकताच जास्त असे. एका दुपारी दहावीच्या वर्गात बाई फळ्याला धरून खाली बसल्या. मुलींनी आरडाओरडा केला. नागपूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं की यकृतावर परिणाम झालाय. हे असंच ठेवलं तर फार दिवस काढणार नाहीत.

सिद्धार्थ मुंबईहून धावत आला. त्यानं सर्जनशी बोलून ठेवलं होतं. आतडं पूर्ववत जोडायचं आणि त्याच वेळी पोटाला पिना मारायच्या. म्हणजे वजन परत वाढणार नाही. पडवीत तो, बाई, दयारामभाऊ आणि मी. बाई बाजेवर, उशीला टेकून.

“नुसतं जोडून द्या,” बाई म्हणाल्या. “पिना नको.”

“ताई, नुसतं जोडलं तर तू परत जाड होशीन.”

“होईन.”

“साखर परत येईन. गुडघे परत जातील.”

“येऊ दे. जाऊ दे. साखरेची गोळी घेईन. काठी घेईन.”

सिद्धार्थचा तोल गेला. “मंग हे सगळं केलं काऊन? तेव्हाच डॉक्टर सांगत होता पोटाचं कर म्हणून. तेव्हा ऐकलं असतं तर आज ही वेळ आली नसती. चूक झाली ना तुझी? मंग आता तरी दुरुस्त कर!”

बाई बाजेवर उठून बसल्या. अंगात ताकद नव्हती, पण उठल्या.

“चूक माझी हाय,” त्या म्हणाल्या. “मी म्हणीन ती. दिवसातून दहा वेळा म्हणीन, संडासात बसून म्हणीन. तू नको म्हणू. गावानं नको म्हणू. त्या पानठेल्यावरच्या पोरायनं तर बिलकूल नको म्हणू. तुम्हा सगळ्यायले वाटते, बाई पस्तावली म्हणजे आता सांगू तसं करन. मी पस्तावली, भाऊ. पण पस्तावली म्हणून माझं डोकं तुमच्या हातात नाई दिलं.”

सिद्धार्थ रडायला लागला. तो दिसायला अगदी बाईंसारखा होता, रडताना तर फारच. बाईंनी त्याला जवळ ओढलं.

“तू मरशीन म्हणून भेव वाटते मले,” तो म्हणाला.

“मले पण वाटते. म्हणून तर जोडून घेऊन राह्यली. पण वाटी नको, सिद्धू. तू लहान होता, तुले मायची वाटी आठवत नाई.”

दयारामभाऊंनी विचारलं, “मुंबईले कधी निघाचं?”

दुसऱ्या ऑपरेशननंतर बाई महिनाभर मुंबईत होत्या. परत आल्या आणि भरायला लागल्या. आधी गाल, मग दंड, मग सगळंच. दोन वर्षांत पोलकी पुन्हा उसवावी लागली, सागवानी स्टूल अडगळीतून बाहेर आला. हेडमास्तरांनी ग्रंथालयाचा विषय पुन्हा काढला, तेव्हा बाई म्हणाल्या, “माझे वर्ग खाली आणा. जिना मुलींले चढाचा हाय की इतिहासाले?” वर्ग खाली आले. जूनमध्ये पाचवीच्या मुली पुन्हा पोटभर हसल्या, आणि बाई त्या दिवशी डबा उघडताना गुणगुणत होत्या.

याच काळात घुग्घुसहून एक बाई त्यांना भेटायला आली. कमलताई. नवऱ्याचे कोळशाचे ट्रक होते. वय तिशीचं, वजन बाईंच्या जवळपास. कुणाकडून तरी ऐकून, दोन एसट्या बदलून ती आली होती. पडवीत बसल्या बसल्या रडायलाच लागली. म्हणाली, नवरा म्हणतो ऑपरेशन कर, आई म्हणते मरशील, मी काय करू ते तुम्हीच सांगा. तिला वाटलं होतं, दोनदा पोट फाडून घेतलेली ही बाई हात जोडून सांगेल, नको करू. मलाही तसंच वाटलं होतं.

बाईंनी तिला आधी जेवू घातलं. मग आत नेऊन पोटावरचे व्रण दाखवले. बाहेर येऊन विचारलं, “कोणासाठी करून राह्यली?”

“घरचे म्हणतात…”

“घरचे सोड. नवऱ्यासाठी कराचं असन तर त्याचेच दात तारेनं बांध, बोलणं बंद होईन. तुले काय पाह्यजे?”

कमलताईला रडता रडता हसू आलं. मग तिनं पदरानं डोळे पुसले. “मले माझ्या पोराच्या मागं पळता येत नाई,” ती म्हणाली. “तो रस्त्यावर पळते. ट्रक असतात आमच्याकडे. मी ओरडत राह्यते नुसती.”

“मंग कर,” बाई म्हणाल्या. “पण आतड्याचं नको. कोणी सांगितलं तरी नको. माझ्याकडे पाह्य. पोटाचं कर. वाटीभर खावं लागन, जन्मभर. उलट्या होतीन. लग्नात लोक आग्रह करतीन, तू नाई म्हणशीन, ते रागावतीन. हे जमन का?”

“मले खाण्याचं एवढं काही नाई, बाई.”

“मंग तुले जमन.”

दीड वर्षानं कमलताई पुन्हा आली. सोबत पेढे आणि पोरगा. सडपातळ झाली होती, केस थोडे गळले होते, पण डोळ्यांत जान होती. पोरगा अंगणातून रस्त्याकडे सुटला आणि ती चटकन उठून त्याला धरून घेऊन आली. बाई ते पाहून टाळ्या वाजवायला लागल्या. कमलताईनं पेढ्याचा चतकोर तोडून तोंडात ठेवला आणि तो हळूहळू चघळत बसली. बाईंनी बाकीचा पेढा उचलून खाल्ला.

ती गेल्यावर मी धीर करून विचारलं. “बाई, खरं सांगा. तेव्हाच पोटाचं केलं असतं तर, असं नाही वाटत?”

“वाटते,” त्या लगेच म्हणाल्या. “जिना पाह्यला की वाटते. साखरेची सुई टोचून घेताना वाटते. रोज वाटते. पण जेवाले बसली की नाई वाटत.” पेढ्यांचा पुडा बांधून ठेवत म्हणाल्या, “तिची वाटी तिले पुरली. लय बरं झालं. मले नसती पुरली.”

नंतर माझी बदली ब्रह्मपुरीला झाली. बाई मला शेवटच्या दिसल्या त्या वैनगंगेच्या घाटावर. पलीकडच्या तीरावर त्यांचं माहेर होतं, तिथं पुतणीचं लग्न होतं. मी अलीकडच्या गावात कामाला आले होते, अचानक भेट झाली. हातात काठी, पायात सूज, नवी निळी साडी, मागे पिशव्या सांभाळत दयारामभाऊ. गप्पा होईतो पलीकडे जाणारा डोंगा भरला होता. बायका, पोरं, बकरी, एक सायकलवाला. बाई काठीनं तोल सावरत चढल्या आणि डोंगा पाण्यात खाली बसला. डोंगेवाला म्हणाला, “वजन जास्त होऊन राह्यलं. कोणीतरी उतरा.”

सगळ्यांच्या माना बाईंकडे वळल्या.

बाईंनी त्यांच्यातल्या एकेकाकडे पाहिलं. मग सरकत सरकत डोंग्याच्या अगदी मधोमध गेल्या, साडी सारखी केली आणि फतकल मारून बसल्या. “मधात वजन असलं की डोंगा डुलत नाई,” त्या म्हणाल्या. “सायकल उतरव. ती नंतर आली तरी लग्न लागते.”

सायकलवाला पुटपुटत सायकलीसकट उतरला. डोंगेवाल्यानं बांबू रोवला. काठ पाण्यापासून जेमतेम वीतभर वर होता, आणि डोंगा खरोखरच न डुलता सरळ निघाला. दयारामभाऊंनी बाईंच्या डोक्यावर छत्री धरली होती, स्वतः उन्हात होते. पलीकडे लागल्यावर दोन माणसांनी हात दिला आणि बाई उतरल्या. इतक्या लांबूनही मला दिसलं, त्यांचा पाय वाळूला लागला तसा डोंगा हातभर वर उचलला गेला आणि आतले सगळे एकमेकांवर पडले. बाईंनी मागं वळून पाहिलं नाही. काठी टेकत, गुडघ्यांना वेळ देत, त्या वाळूतून चढाच्या वाटेला लागल्या.